दृष्टीची भरपाई : डोळ्यातील रंगद्रव्याची कथा

इतिहासाच्या शिक्षकाने डोळ्यावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्यामागे आमच्या वसतिगृहातील एक प्रसंग आहे.

काही वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात एक मुलगा दाखल झाला. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दिवसा हा मुलगा खेळात चपळ आणि फळ्यावरचे अक्षर वाचण्यात पटाईत. परंतु सायंकाळच्या वंदनेला निघाला की भिंतीला हात लावून चाले. वीज गेली आणि भोजनगृहात मेणबत्त्या लावल्या की त्याच्या हातून ताट सांडे. अंधार पडल्यावर नळावरून पाणी आणायला सांगितले तर तो काही ना काही निमित्त काढी. मुले त्याला हसत. आम्ही शिक्षकांनीही त्याला धांदरट म्हटले, कामचुकार म्हटले. हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिले पाहिजे. गावाकडे आजीने नजर लागली असे समजून त्याच्या दंडाला गंडा बांधला होता. पुढे आरोग्य तपासणीसाठी आलेल्या डॉक्टरांनी त्याला विचारले, “दिवस मावळल्यावर तुला दिसतं का रे?” तो म्हणाला, “नाही. पण तेव्हा कोणालाच दिसत नाही ना?”

त्याला रातांधळेपणा होता, आणि जगातील सर्वांनाच तसे होते अशी त्याची समजूत होती. अ जीवनसत्त्वाची मात्रा दिल्यावर आठवडाभरात तो संध्याकाळच्या पटांगणावर इतरांबरोबर धावू लागला. एवढ्या साध्या उपायाने इतका मोठा फरक कसा पडला, या प्रश्नाने आम्हाला वाचायला लावले. त्या वाचनातून जे हाती आले, ते माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव यांच्यासमोर येथे मांडत आहोत.

बेडकाच्या डोळ्यातील लाल रंग

डोळ्याच्या आतल्या बाजूला, मागे, एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. भिंगातून आलेला प्रकाश या पडद्यावर पडतो. 1876 साली रोम येथे फ्रान्त्स बोल या तरुण जर्मन संशोधकाने बेडकाचे दृष्टिपटल तपासले. अंधारात ठेवलेल्या बेडकाचे दृष्टिपटल काढले तेव्हा ते लालसर होते. उजेडात धरताच थोड्याच वेळात तो लाल रंग फिका पडला आणि नाहीसा झाला. जिवंत बेडूक उजेडात ठेवला तरी रंग उडत असे. मात्र त्याला पुन्हा अंधारात ठेवले की रंग परत येत असे. प्रकाशामुळे डोळ्यातील एखादा पदार्थ प्रत्यक्ष बदलतो, याचा हा स्पष्ट पुरावा होता. बोल यांना आयुष्य फार लाभले नाही. 1879 साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचा अंत झाला.

त्यांचे काम हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूने यांनी पुढे नेले. ‘एन्झाइम’ हा शब्द विज्ञानाला देणारे ते हेच. त्यांनी या रंगद्रव्याला ‘दृष्टीचा जांभळा’ अशा अर्थाचे जर्मन नाव दिले. आज आपण त्याला ऱ्होडॉप्सिन म्हणतो. क्यूने यांचा एक प्रयोग आमच्या मते शाळेतील प्रत्येक मुलाला सांगावा असा आहे. दृष्टिपटलाच्या मागे काळसर पेशींचा, केवळ एका पेशीइतक्या जाडीचा थर असतो. क्यूने यांनी बेडकाच्या दृष्टिपटलाचा एक भाग या थरापासून अलगद उचलला आणि उजेडात त्याचा रंग उडू दिला. उचललेला भाग तसाच राहिला तर रंग परत येत नव्हता. तोच भाग पुन्हा त्या काळ्या थरावर टेकवून अंधारात ठेवला, तेव्हा रंग परत आला. पाहण्याचे काम करणारी पेशी स्वतःची झीज एकटी भरून काढू शकत नाही. तिला शेजारच्या थराची मदत लागते, हे या प्रयोगाने सिद्ध झाले.

सशाच्या डोळ्यातील खिडकी आणि नागाच्या डोळ्यातील ‘फोटो’

क्यूने यांनी आणखी एक प्रयोग केला. एका सशाला काही काळ अंधारात ठेवले, म्हणजे त्याच्या डोळ्यातील रंग पूर्ण भरून आला. मग त्याचे डोळे तीन मिनिटे गज असलेल्या उजेडाच्या खिडकीकडे वळवले. त्यानंतर लगेच सशाला मारून दृष्टिपटल तुरटीच्या द्रावणात ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यावर खिडकीचे चित्र दिसले : जेथे उजेड पडला तेथे फिके, आणि जेथे गज होते तेथे रंगीत.

या प्रयोगाची बातमी पसरल्यावर युरोपात अनेकांना वाटू लागले की खून झालेल्याच्या डोळ्यात खुन्याचे चित्र सापडेल. आपल्याकडेही असाच समज घरोघर आहे. नाग मारला तर मारणाऱ्याचा फोटो नागाच्या डोळ्यात उमटतो आणि नागीण तो पाहून सूड घेते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकले आहे आणि सिनेमातही पाहिले आहे. आता विचार करावा. सशाच्या डोळ्यातील चित्र टिकले, याचे कारण आधीचा अंधार, एकाच खिडकीकडे रोखलेली नजर, तात्काळ मृत्यू आणि तुरटीचे पाणी. नेहमीच्या पाहण्यात डोळा सतत हलत असतो. एका जागचा रंग उडतो तोवर दुसऱ्या जागचा भरत असतो. शिवाय ते चित्र डोळ्याच्या आत, मागच्या पडद्यावर असते. बाहेरून पाहणाऱ्याला ते दिसणे शक्य नाही. नागिणीच्या सुडाची गोष्ट मुलांना सांगायचीच असेल तर तिच्याबरोबर क्यूने यांचा प्रयोगही सांगावा.

रंग उडतो कसा आणि परत येतो कसा

आता मूळ प्रक्रियेकडे वळू. दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात. शंक्वाकार पेशी भर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडाकार पेशी मंद प्रकाशात काम करतात. त्यांना रंग कळत नाही, पण अत्यंत अल्प उजेडही त्या टिपतात. माणसाच्या एका डोळ्यात दंडाकार पेशी सुमारे नऊ ते बारा कोटी असतात, तर शंक्वाकार पेशी साठ-सत्तर लाखांहून अधिक नसतात. तिन्हीसांजेला आपली वाट दाखवतात त्या दंडाकार पेशी.

प्रत्येक दंडाकार पेशीत ऱ्होडॉप्सिनचे सुमारे दहा कोटी रेणू असतात. या रेणूचे दोन भाग आहेत. एक मोठा, ऑप्सिन नावाचे प्रथिन. आणि दुसरा त्यात नेमका बसलेला छोटा भाग, रेटिनल. हे रेटिनल अ जीवनसत्त्वापासूनच तयार होते. अंधारात रेटिनल वाकलेल्या आकारात असते. कुलपात किल्ली बसावी तसे ते ऑप्सिनमध्ये बसते. प्रकाशाचा एक कण त्यावर पडला की ते वाकलेले रेटिनल सरळ होते. या बदलाला सेकंदाचा सुमारे पाच लाख कोटीवा भाग एवढाच वेळ लागतो. पाहण्याच्या सगळ्या व्यवहारात प्रकाशाने प्रत्यक्ष केलेले काम एवढेच. पुढचे सारे, म्हणजे प्रथिनाचा आकार बदलणे, पेशीतून संदेश निघणे, तो मज्जातंतूंमार्फत मेंदूपर्यंत जाणे, हे शरीर स्वतः करते.

परंतु सरळ झालेले रेटिनल आता ऑप्सिनमध्ये बसत नाही. ते सुटून बाहेर पडते, रंग उडतो, आणि तो रेणू पुढचा प्रकाशकण टिपण्यास निकामी होतो. म्हणजे पाहणे हा एक खर्च आहे. प्रत्येक दृश्यागणिक डोळा आपल्याजवळची थोडी पुंजी खर्च करीत असतो. हा खर्च भरून आला नाही तर भर दुपारी आपण काही काळातच आंधळे होऊ.

भरपाई होते ती अशी. सरळ झालेले रेटिनल प्रथम रेटिनॉल या रूपात, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या मूळ रूपात, बदलले जाते. मग ते दंडाकार पेशीतून बाहेर पडून क्यूने यांनी दाखवलेल्या त्या काळ्या थरात जाते. तेथे ते एका स्निग्धाम्लाशी जोडून साठवले जाते. त्यानंतर त्या थरातील एक एन्झाइम त्याला पुन्हा वाकवते. या एन्झाइमचे नाव आरपीई65. वाकवण्याचे काम तेच करते, हे 2005 साली स्पष्ट झाले. वाकवलेला रेणू पुन्हा रेटिनल होऊन दंडाकार पेशीकडे परत येतो, रिकाम्या ऑप्सिनमध्ये बसतो, आणि रंग परत येतो. हे चक्र जन्मापासून मृत्यूपर्यंत थांबत नाही. शंक्वाकार पेशींना याखेरीज दृष्टिपटलातीलच दुसऱ्या पेशींकडूनही भरपाई मिळते, असे पुरावे पुढे आले आहेत. त्यांची भरपाई अधिक जलद असते.

याचा अनुभव आपण सर्वांनी घेतला आहे. उन्हातून येऊन टॉकीजच्या अंधारात शिरलो की आधी खुर्चीही दिसत नाही. पाच-दहा मिनिटांत थोडे दिसू लागते. ते शंक्वाकार पेशींचे सावरणे. दंडाकार पेशींचा रंग पूर्ण भरायला अर्धा तास, कधी चाळीस मिनिटे लागतात. रात्री घराबाहेर पडताना क्षणभर थांबावे, असे वडीलधारी माणसे सांगत, त्याला हा आधार आहे.

एवढे करूनही काही गळती होतेच. दंडाकार पेशीचे टोक रोज थोडे झडते आणि तो काळा थर ते गिळून टाकतो. सुमारे दहा दिवसांत त्या पेशीचा बाहेरचा भाग संपूर्ण नवा होतो. त्यासाठी रक्तातून अ जीवनसत्त्वाची नवी भर लागते. यकृतात त्याचा साठा असतो; तो आटला की पहिला फटका दंडाकार पेशींना, म्हणजे संध्याकाळच्या दृष्टीला बसतो.

शोध लावणारी माणसे

रातांधळेपणावर यकृत खाऊ घालावे, हे प्राचीन ग्रीक वैद्यांना ठाऊक होते. कारण ठाऊक नव्हते. ते कारण शोधले जॉर्ज वॉल्ड यांनी. न्यूयॉर्कमधील स्थलांतरित ज्यू कुटुंबातील हा तरुण शिष्यवृत्तीवर जर्मनीला गेला होता. बर्लिनमध्ये त्यांना दृष्टिपटलात अ जीवनसत्त्व सापडले. त्याची खात्री त्यांनी झुरिच येथे पाउल कारर यांच्या प्रयोगशाळेत करून घेतली. नंतर हायडेलबर्ग येथे, म्हणजे क्यूने यांच्याच गावी, त्यांनी रेटिनल शोधले. हे वर्ष 1933. त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू असलेल्या वॉल्ड यांना जर्मनी सोडून अमेरिकेस परतावे लागले. 1967 साली त्यांना ग्रॅनिट व हार्टलाइन या संशोधकांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

रेटिनल वाकडे आणि सरळ अशा दोन रूपांत फिरते, हे उलगडण्यात रूथ हबर्ड यांचा मोठा वाटा आहे. त्या व्हिएन्नाच्या, 1938 साली नाझींपासून जीव वाचवून कुटुंबासह अमेरिकेस आल्या. वॉल्ड यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी अनेक वर्षे संशोधन केले, पुढे त्यांच्याशी विवाहही केला. तरीही कायम प्राध्यापकपदासाठी त्यांना 1970 नंतरच्या दशकापर्यंत वाट पाहावी लागली. हार्वर्डच्या जीवशास्त्रात असे पद मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. जन्मावरून माणसाची पात्रता ठरवणारी व्यवस्था ज्ञानाचे किती नुकसान करते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

लोणी कोणाच्या वाट्याला?

आता एका बालगृहाची हकिकत. पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमध्ये लहान मुलांचे डोळे कोरडे पडून बुबुळ पांढरे होण्याचे प्रमाण वाढले. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लोख यांनी शोध घेतला. एका बालगृहात मुलांचे दोन गट होते. एकाच छपराखाली राहणारे, सारख्याच देखरेखीखालचे. एका गटातील अनेक मुलांचे डोळे बिघडले, दुसऱ्यातील एकाचेही नाही. फरक आहारात होता. निरोगी गटाला सायीसह दूध मिळे. आजारी गटाला साय काढलेले दूध व वनस्पती तेलाचा मार्गारिन. कॉड माशाच्या यकृताचे तेल देताच मुलांचे डोळे सुधारले.

डेन्मार्कमध्ये लोण्याची टंचाई नव्हती. लोणी भरपूर होते. ते परदेशी विकले जात होते आणि देशातील गरिबांची मुले मार्गारिन खात होती. 1917 साली जर्मन पाणबुड्यांच्या नाकेबंदीमुळे निर्यात अडली, लोणी देशातच राहिले, ते शिधापत्रिकेवर वाटले गेले, आणि हा नेत्रविकार झपाट्याने कमी झाला. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हाला यातून एक गोष्ट दिसते : मुलांच्या डोळ्यांचे भवितव्य अन्न किती पिकते यापेक्षा ते कसे वाटले जाते यावर ठरले.

1983 साली आल्फ्रेड सॉमर यांनी इंडोनेशियातील अभ्यासातून याहून गंभीर बाब दाखवली. रातांधळेपणा किंवा डोळ्यावर फेसाळ डाग एवढाच सौम्य विकार असलेली मुले इतर मुलांच्या तुलनेत सरासरी चौपट प्रमाणात मरण पावत होती. कारण अ जीवनसत्त्वाअभावी अतिसार, श्वसनविकार यांच्याशी झुंजण्याची शक्तीच कमी होते. तेथील आयांना हा विकार ओळखता येत असे आणि त्यांच्या बोलीत त्याला ‘कोंबडीचे आंधळेपण’ अशा अर्थाचा शब्द होता. आईचे निरीक्षण विश्वासार्ह ठरले, हीही त्या अभ्यासाची शिकवण.

आपल्या ताटात काय असावे

भारतात अ जीवनसत्त्वाअभावी येणाऱ्या अंधत्वाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम 1970 साली सुरू झाला. आज बाळाला नवव्या महिन्यात 1 लाख एककांची, आणि पुढे दर सहा महिन्यांनी 2 लाख एककांची मात्रा पाच वर्षांपर्यंत, अशा एकूण 9 मात्रा विनामूल्य दिल्या जातात. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील बाळांच्या मात्रा चुकतात. पालकांनी लसीकरणाचे कार्ड गावोगाव बरोबर न्यावे आणि जेथे असाल तेथील अंगणवाडीत वा आरोग्य केंद्रात दाखवावे.

पाच वर्षांनंतर भरवसा ताटावरच. अंडी, दूध, यकृत यांत तयार अ जीवनसत्त्व असते. शेवग्याचा पाला, तांदुळजा, अंबाडी, चवळीची पाने, पालक, गाजर, लाल भोपळा, पिकलेली पपई व आंबा यांत कॅरोटीन असते. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवते. ही भाजी थोड्या तेलात करावी, कारण तेलाशिवाय कॅरोटीन अंगी लागत नाही. डाळ, अंडी अशी प्रथिनेही हवीत; यकृतातील साठा डोळ्यापर्यंत वाहून नेणारा पदार्थ प्रथिनच आहे. बांधावरचा पाला आणि जनावराचे काळीज ही एके काळी गरिबाची खाणी म्हणून हिणवली गेली. डोळ्याच्या दृष्टीने ती तुपाच्या ताटापेक्षा कमी नव्हती.

1925 साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. शिकणाऱ्या मुलाला पुस्तकाबरोबर निवारा आणि जेवण द्यावे लागते, ही त्यामागची जाण. आमच्या भोजनगृहातही त्या मुलाच्या प्रसंगानंतर आठवड्यातून तीन दिवस पालेभाजी आणि दोन दिवस अंडी सुरू झाली. परसात शेवगा लावला.

दोन गोष्टींची सावधगिरी हवी. अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस स्वतःहून घेऊ नये. तो शरीरात साठतो आणि अपाय करतो, गर्भवतीने तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मुळीच घेऊ नये. दुसरे, अंधारात न दिसण्याचे कारण नेहमी आहार हेच नसते. वर सांगितलेले आरपीई65 एन्झाइम बनवणारे जनुक आई व वडील दोघांकडूनही सदोष आले, तर बालपणापासूनच दृष्टी अधू होते. त्यावरील जनुकउपचाराला अमेरिकेत डिसेंबर 2017 मध्ये मान्यता मिळाली. मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करण्याच्या प्रथेमुळे असे आनुवंशिक विकार वाढण्याचा धोका असतो, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे. म्हणून संध्याकाळी चाचपडणारे मूल, किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसाळ डाग असलेले मूल, नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. बुबुळावर फूल पडल्यावर गेलेली दृष्टी औषधाने परत येत नाही.

समारोप

मज्झिम निकायातील मधुपिण्डिक सुत्तात असे विवेचन आहे की डोळा आणि रूप यांच्या आधाराने पाहण्याची जाणीव उत्पन्न होते, आणि या तिघांच्या एकत्र येण्याला स्पर्श म्हणतात. या वचनात आधुनिक रसायनशास्त्र शोधू नये. तो त्या ग्रंथावरही अन्याय होईल. परंतु कोणतीही गोष्ट एकटी, आपल्या आपण उत्पन्न होत नाही, कारणे जुळली तर ती होते आणि कारणे तुटली तर थांबते, हा विचार मनात ठेवून आम्ही डोळ्याचा अभ्यास केला, तेव्हा तो समजायला सोपा गेला. दंडाकार पेशीला काळा थर लागतो, थराला रक्त लागते, रक्ताला यकृतातील साठा लागतो, आणि साठ्याला ताट लागते. ते ताट भरणारे हात घरातले असतात, वसतिगृहातले असतात, शासनाचेही असतात.

तो मुलगा आता मोठा झाला आहे आणि कदाचित हा अंक त्याच्याही हाती पडेल. त्याची क्षमा आम्ही त्या वेळी मागितली नव्हती. ती येथे मागतो. आणि या संस्थेतून शिकून शिक्षक, सेविका, पालक झालेल्या सर्वांना एक विनंती करतो. मूल अंधारात अडखळले तर त्याला बोल लावण्याआधी, गंडा बांधण्याआधी, त्याच्याजवळ बसून विचारावे, “दिवस मावळल्यावर तुला दिसतं का रे?”

नमो बुद्धाय! जय भीम!